‘हल्ला’ शब्दाचा गठ्ठा

१

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता ‘हल्ला’ नाहीसा झाल्याचं उघडकीला आलं. कोशकार्यालयात कुणी मोठ्याने बोलत नसे. तिथे लोक खुर्चीसुद्धा न सरकवता उचलून ठेवत. त्या दिवशी मात्र दप्तरी असा ओरडला, की वरच्या मजल्यावरची माणसं हातातली कामं टाकून खाली धावली.

“बाई, हल्ला गेला! हल्ला गेला हो!”

एखाद्या परक्याला वाटलं असतं, मोठंच संकट टळलेलं दिसतंय. पण इथे शब्दकोश बनत होता, आणि इथल्या माणसांचा जीव शब्दांत होता. एकेका शब्दासाठी पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या गोळा व्हायच्या. वर शब्द, खाली अर्थ, मग तो शब्द वापरलेलं एक वाक्य, आणि तळाला आधार, म्हणजे ते वाक्य कुठल्या पुस्तकातून घेतलं त्याचं नाव आणि पान. एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या पांढऱ्या फितीने बांधल्या की झाला गठ्ठा. असे हजारो गठ्ठे लाकडी खणांत अक्षरवार लावलेले होते. चौतीस वर्षं हे काम चाललं होतं. शेवटचा ‘ह’चा खंड बुधवारी छापखान्यात जायचा होता, आणि त्यातला एक्केचाळीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा जागेवर नव्हता.

ज्या बाईंच्या नावाने दप्तरी ओरडत होता, त्या कार्यालयाच्या संदर्भ तपासनीस. चिठ्ठीवरचा आधार खरा की खोटा हे मूळ पुस्तक काढून बघायचं, हे त्यांचं काम. पान चुकलं, सालात गफलत झाली, की बाईंनी ते पकडलंच म्हणून समजा. सगळे त्यांना पाठीमागे ‘फौजदार’ म्हणत, आणि बाईंनाही ते ठाऊक होतं. मनातून त्यांना ते आवडायचंही.

बाईंनी चष्मा पुसला आणि खणापुढे वाकल्या. गठ्ठ्याच्या जागी गुलाबी कागदाचा एक कपटा उभा होता. बाईंचा जीव भांड्यात पडला. कार्यालयाचा पहिल्या वर्षापासूनचा नियमच होता, की गठ्ठा उचलायचा तर त्याच्या जागी गुलाबी उचल-चिठ्ठी ठेवायची. तिच्यावर पाच ओळी असत. शब्द कोणता, चिठ्ठ्या किती, नेणार कोण, कशासाठी, परत केव्हा.

“ओरडता काय उगाच? कुणीतरी रीतसर नेलाय,” असं म्हणत बाईंनी ती बाहेर ओढली.

पाचही ओळी कोऱ्या होत्या.

२

दहाच्या सुमारास प्रेसवाला आला. कोशाचा छापखाना त्याचा, आणि तो मुख्य संपादकांचा जावई. म्हणजे एके काळी जावई होता. सरांची एकुलती एक मुलगी लग्नानंतर दोन वर्षांतच घरच्या जिन्यावरून पडून गेली. त्यालाही आता अकरा वर्षं झाली होती, तरी कार्यालयात त्याला जावईच मानत.

त्या मुलीला सगळे चिऊ म्हणायचे. फ्रॉक घालत होती तेव्हापासून ती या खणांमधून बागडायची. मोठी झाल्यावर इथेच चिठ्ठ्या लिहायला लागली. सगळ्यांना काका आणि मावशी. बाईंना मात्र ती थेट तोंडावर ‘फौजदार मावशी’ म्हणायची. बाईंना मूलबाळ नव्हतं. चिऊ गेल्यानंतरचे सहा महिने बाई दुपारचा डबा तसाच घरी परत न्यायच्या.

कालच संध्याकाळी पाच वाजता प्रेसवाला येऊन प्रत्येक टेबलावर आपल्या दुसऱ्या लग्नाची पत्रिका ठेवून गेला होता. बिचारा अकरा वर्षांनी सावरला, असं सगळे म्हणाले होते. बाईही म्हणाल्या होत्या.

आज तो सावरलेला वगैरे दिसत नव्हता. कपाळाला आठ्या घालून उभा होता.

“किल्ली कुणाकडे असते?” त्याने विचारलं.

“माझ्याकडं,” दप्तरी म्हणाला.

“मग प्रश्न मिटला की. चार वाजेपर्यंत गठ्ठा माझ्या हातात पडला नाही, तर मी याला पोलिसांच्या ताब्यात देणार. यंत्रं थांबवून ठेवलीत मी.”

दप्तऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. तीस वर्षं तो या खणांना फडकं मारत होता. आठ महिन्यांनी निवृत्त व्हायचा होता, आणि सुनेच्या माहेरी त्याला ‘पुस्तकवाले काका’ म्हणून मान होता. चोर म्हणून हातकडी घालून या रस्त्याने जायची वेळ आली, तर तो दुसऱ्या दिवशी उठणार नाही, हे बाईंना दिसत होतं.

“चार वाजेपर्यंत मी शोधते. तोवर पोलिसांचं नाव काढू नका,” बाई म्हणाल्या. “आणि मला सांगा, काल या खणापाशी तुम्ही उभे होतात ना?”

प्रेसवाला हसला. “होतो की. किती छपाई आहे त्याचा अंदाज घेत होतो. मी कशाला चोरू? माझंच काम अडलंय.”

“त्या गठ्ठ्यात काय होतं, माहीत आहे?”

“शब्द हो, बाई. शब्दांनी कुणाचं काय वाकडं झालंय? चिऊ असताना तिचे गठ्ठेच्या गठ्ठे मीच आणून द्यायचो इथं, दर पंधरा दिवसांनी. एकही कधी उघडून वाचला नाही. झोप येते मला त्यानं.”

हे खरं होतं. चिऊ लग्नानंतर घरूनच चिठ्ठ्या लिहायची, आणि हा न चुकता आणून द्यायचा. किती कौतुक व्हायचं त्याचं तेव्हा! बाईंनी त्याला पाणी दिलं. मग कोरी गुलाबी चिठ्ठी त्याच्यापुढे धरली.

“हे काय आहे?”

“काहीतरी खूण दिसतेय. पुस्तकात घालायची?” तो म्हणाला.

बाईंनी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. त्यांच्या मनातल्या यादीतलं एक नाव गळलं होतं.

३

दप्तऱ्याला त्यांनी मागच्या पायरीवर बसवलं.

“रडू नका. नीट आठवून सांगा. काल बंद करताना गठ्ठा होता?”

“होता. मी रोज रांगेवरनं हात फिरवतो. खड्डा असला तर हाताला लागतो. काल नव्हता.”

“आणि सकाळी?”

“सातला दार उघडलं. मग मागचं अंगण झाडत होतो आठपातूर. पुढनं कोण आलं-गेलं, दिसलं नाही. बाई, माझ्या लेकरांची शपथ—”

“शपथ नको. गुलाबी चिठ्ठी तुम्ही ठेवलीत?”

दप्तरी दचकला. “मी? मला कुठं हक्क आहे त्याचा? त्या तर सरांच्या नाहीतर तुमच्या टेबलातच असतात.”

उपसंपादक आठलाच आला होता. हा माणूस हुशार, पण नाकावर राग, आणि दोन वर्षं सरांशी त्याचं याच शब्दावरून वाजत होतं. सर म्हणायचे, हल्ला हा मुळात आरडाओरडाच. माणसं ओरडत चालून येतात त्या आवाजावरून शब्द आला. शेजारच्या भाषेत अजूनही गोंगाटालाच हल्ला म्हणतात, आणि आपणही हल्लागुल्ला म्हणतोच की. उपसंपादक म्हणायचा, छे! तो अरबीतल्या ‘हमला’चा भाऊ आहे. त्याच्या मुळाशी वाहून नेणं आहे, ओझं उचलणं आहे. हमालही त्याच घरचा. या वादापायी दोघांनी मिळून एक दौत फोडली होती.

“तुम्हाला हवा तसा उगम छापून यावा म्हणून सरांच्या बाजूचे पुरावे उचललेत की काय?” बाईंनी सरळच विचारलं.

उपसंपादक भडकायच्या ऐवजी गोंधळला. “बाई, त्याची गरजच उरली नाही. काल दुपारी शेवटचा क्रम लावायला गठ्ठा सरांकडे गेला होता. साडेपाचला त्यांनी तो परत खणात ठेवला, आणि जाता जाता माझ्या टेबलापाशी थांबले. मी म्हटलं, झालं आता सुरू. तर म्हणाले, ‘तुमचंच लिहा. आवाजाचा काही संबंध नाही. ओझं हेच बरोबर.’ दोन वर्षं इंचभर हलले नाहीत, आणि काल एका वाक्यात शस्त्र खाली! मला आनंद व्हायला हवा होता. पण त्यांचा चेहरा बघून वाटलं, आपण हरलोय.”

बाईंनी कान टवकारले. “बरं. आणि ही गुलाबी चिठ्ठी?”

“ती भानगड मी आजवर कधी पाळली आहे का?” तो म्हणाला. “तुम्हीच वर्षातून चारदा माझी कानउघाडणी करता.”

तेही खरंच होतं. हा माणूस स्वतःचा गठ्ठा रीतसर नेतानाही चिठ्ठी ठेवायचा नाही, तर चोरून नेताना काय ठेवणार? बाई खुर्चीवर टेकल्या. नियम न कळणारा एक, नियमाला हात न लावू शकणारा एक, नियम न पाळणारा एक. तिघेही गळले. चोरी करतानाही हात आपोआप गुलाबी कागदाकडे जावा इतका तो नियम अंगात भिनलेली माणसं या इमारतीत दोनच होती. एक त्या स्वतः.

बाई उठल्या आणि सरांच्या खोलीकडे निघाल्या.

४

सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. रोज साडेदहाला येणारे सर आज खोलीत कधी येऊन बसले, हे कुणालाच सांगता आलं नसतं. चहा तसाच होता, वर साय धरलेली. टेबलावर लग्नाची पत्रिका पालथी घातलेली होती.

“सर, ‘हल्ला’चा गठ्ठा नाहीये.”

“ऐकलं मी.”

“दप्तऱ्यावर आळ आलाय. चार वाजता पोलीस येतील त्याला न्यायला.”

सरांनी डोळे मिटले. “तो नाही नेणार. सांगा त्यांना.”

“मग कुणी नेला?”

“बाई, चौतीस वर्षं झाली,” सर म्हणाले. त्यांचा आवाज मुळातच बारीक, आज तर वाकून ऐकावा लागत होता. “नऊ चिठ्ठ्यांनी कोश थांबत नाही. तो शब्द गाळून पुढे जा.”

शब्द गाळून पुढे जा! एकदा एका फालतू झुडपाच्या नावासाठी या माणसाने अख्खा खंड तीन महिने रोखून धरला होता. बाई वयाचा मान ठेवून बाहेर आल्या, दार ओढून घेतलं, आणि मग मधल्या बोळात जागच्या जागी थबकल्या.

गठ्ठ्यात चिठ्ठ्या होत्या एक्केचाळीस. सर नऊ म्हणाले होते.

५

बाई परत त्या खणापाशी गेल्या आणि सकाळी जे करायला हवं होतं ते त्यांनी आत्ता केलं. मोकळ्या जागेच्या आजूबाजूचे गठ्ठे चाचपून पाहिले. पुढचाच गठ्ठा ‘हल्ली’चा. एवढासा शब्द, त्याच्या चिठ्ठ्या असून असून चार. पण गठ्ठा चांगला मुठीएवढा जाड लागला. बाईंनी फीत सोडली. ‘हल्ली’च्या चार चिठ्ठ्यांच्या पाठीमागे ‘हल्ला’च्या चिठ्ठ्या नीट लावून ठेवल्या होत्या. त्यांनी बोटाला थुंकी लावून मोजल्या. बत्तीस.

चोराला गठ्ठा नको होता. त्यातल्या नऊच हव्या होत्या, आणि कोणत्या नऊ हे लपवायला त्याने बाकीच्यांची जागा हलवली होती. उद्या-परवा सापडतील, कामाचा खोळंबा होणार नाही, इतकी काळजीही घेतली होती.

आता कोणत्या नऊ, ते सांगायला आवक वही होती. बाहेरून आलेली एकेक चिठ्ठी त्या वहीत चढवली जायची. तारीख, शब्द, पाठवणाऱ्याचा क्रमांक. चिठ्ठी पुढे तपासनिसांकडे जायची आणि मग खणात. तिथे ती पडून राहायची, तिच्या अक्षराची पाळी येईपर्यंत. ‘अ’ची पाळी पहिल्या वर्षी आली. ‘ह’ची आत्ता.

बाईंनी जुन्या वह्या काढल्या आणि ‘हल्ला’च्या नोंदी उतरवायला बसल्या. दोन तास गेले. बत्तीस नोंदी हातातल्या चिठ्ठ्यांशी जुळल्या. उरल्या नऊ. नऊही नोंदींपुढे एकच क्रमांक होता, सत्तावीस.

सत्तावीस म्हणजे चिऊ.

एकाच माणसाने एकाच शब्दासाठी नऊ चिठ्ठ्या पाठवाव्यात, असं बाईंनी आजवर पाहिलं नव्हतं. एक पाठवतात, फार तर दोन. पहिली चिठ्ठी चिऊच्या लग्नानंतर चार महिन्यांनी आलेली. शेवटची, ती जिन्यावरून पडली त्याच्या चार दिवस आधी. आणि नऊही नोंदींच्या पुढे, तपासनिसाच्या रकान्यात, एकच शेरा होता: ‘ऐकीव. पाहिले.’ खाली बाईंची स्वतःची सही.

पुस्तकातलं वाक्य असलं तर त्या पुस्तक उघडून बघायच्या. पण कानावर पडलेलं वाक्य कुणी लिहून पाठवलं, तर तळाला ‘ऐकीव’ लिहिलेलं असायचं, आणि ऐकीव तपासणार कसं? त्यासाठी एक रबरी शिक्का होता, ‘पाहिले’ असा, खाली तारीख उमटणारा. चिठ्ठी हातात घ्यायची, सवयीने आधी शेवटची ओळ बघायची, ऐकीव दिसलं की शिक्का मारायचा आणि पुढची घ्यायची. दिवसाला दोनशे. वरचं वाक्य वाचायची कधी वेळच आली नव्हती.

घड्याळात अडीच वाजले होते.

६

चिठ्ठ्या सरांनी जाळल्या असतील का? बाईंनी हा विचार लगेच झटकून टाकला. आपलं घर जळत असतं तर सरांनी आधी चिठ्ठ्या बाहेर काढल्या असत्या. खिशात घालून घरी नेल्या असतील? तेही नाही. चिठ्ठी कार्यालयाबाहेर न्यायची नाही, हा नियम त्यांचाच. मग एकच उरलं. चिठ्ठी ठेवायची तर कुठल्यातरी शब्दाखाली ठेवायची. मोकळी चिठ्ठी म्हणजे सरांच्या मते अनाथ पोर.

कुठला शब्द? ज्यांचे खंड छापून झाले ते खण आता कुणी उघडत नव्हतं. बाई आधी ‘च’कडे गेल्या. चिमणी, चिऊ, चिऊताई. तिथे धूळ होती आणि जुन्याच चिठ्ठ्या होत्या. ‘म’कडे गेल्या, मुलगी, मूल. काही नाही. ‘ल’मध्ये लेक नव्हती. मग बाई मध्येच थांबल्या. सर बाप म्हणून कुठे ठेवतील हे शोधण्यात त्या वेळ घालवत होत्या. सरांनी त्या चिठ्ठ्या ठेवल्या असतील त्या कोशकार म्हणून. त्या कशाचा पुरावा आहेत, हे बघून.

‘स’च्या सातव्या खणात ‘साक्ष’ हा गठ्ठा होता. धुळीत बोटांचे ठसे ताजे होते.

नऊ चिठ्ठ्या शेवटी होत्या. ते गोल, जरा डावीकडे कलणारं अक्षर बाईंनी लगेच ओळखलं. प्रत्येकीवर जांभळ्या शाईत ‘पाहिले’. अकरा-बारा वर्षांत पहिल्यांदाच बाईंनी वरून वाचायला सुरुवात केली.

‘हल्ला. अर्थ: अचानक केलेली मारहाण. वाक्य: जेवण गार झाल्याच्या कारणावरून हल्ला झाला. आधार: ऐकीव, स्वयंपाकघर.’

‘वाक्य: हल्ला करणारा नंतर स्वतःच पाणी आणून देतो.’

‘वाक्य: हल्ला नेहमी लांब बाहीच्या आत बसेल असा केला जातो.’

चौथीवर खाली बारीक अक्षरात टीप होती. ‘आरडाओरडा या अर्थाशी संबंध जोडू नये. हा हल्ला आवाज न करता होतो. ज्याच्यावर होतो त्यालाही आवाज करता येत नाही.’

बाईंना आता कळलं, सर काल एका वाक्यात का हरले.

सहावी: ‘माहेरी एक शब्द गेला तर म्हाताऱ्यावरही हल्ला होईल, असे बजावण्यात आले.’

आठवी वाचताना बाई खाली फरशीवरच बसल्या.

‘वाक्य: फौजदार मावशीच्या नजरेतून एक चिठ्ठी सुटत नाही, तेव्हा तिला या हल्ल्यांची खबर आतापर्यंत लागली असेलच.’

वाट बघत होती ती. पंधरवड्याच्या गठ्ठ्यात मधूनमधून अशी एक चिठ्ठी घालायची, आणि कुणीतरी येईल म्हणून दाराकडे बघत बसायची. त्याच्याच हाताने पाठवायची, कारण दुसरा रस्ताच नव्हता, आणि तो वाचत नाही हे तिला माहीत होतं. मावशी वाचते, हेही तिला माहीत होतं. मावशीने नऊ वेळा शिक्का मारला होता.

नववी: ‘पुढच्या वेळी जिना आहेच, असे म्हणून हल्ला थांबवण्यात आला. आधार: ऐकीव.’

मागे कुणाचीतरी काठी वाजली.

७

“मला वाटलंच, तुम्ही शोधाल,” सर म्हणाले.

बाईंना उठवेना. सरच कसेबसे खाली बसले, दोन खणांच्या मधल्या अरुंद फरशीवर.

“काल दुपारी वाचलं,” सर सांगू लागले. “आधी वाटलं, काय सुंदर उदाहरणं काढलीत पोरीने. खरंच सांगतो. अर्थाच्या किती छटा, म्हणून मी त्यांचा क्रम लावत होतो. चौथीपर्यंत मी क्रम लावत होतो, बाई. पाच वाजता तो पत्रिका घेऊन आत आला, पाया पडला माझ्या. मी आशीर्वाद दिला. तो गेल्यावर पुढच्या पाच वाचल्या.”

बाईंनी चिठ्ठ्या मांडीवर एकीवर एक लावल्या.

“एकदा ती आली होती घरी. दोन दिवस राहते म्हणाली. मीच तिला त्याच्या गाडीत बसवून दिलं. म्हटलं, रुसवेफुगवे असतातच. ती वारल्यावर तो रडत होता, तेव्हा छातीशी धरलं मी त्याला.” सरांनी समोरच्या खणांच्या रांगेकडे बोट केलं. “या शब्दाचं मूळ मी चौतीस वर्षं शोधलं. किती भाषा धुंडाळल्या. घरात होतं ते.”

“पण लपवलंत का? तो बिचारा दप्तरी सकाळपासून रडतोय.”

“तिचं अक्षर त्याच्या छापखान्यात जाऊ द्यायचं नव्हतं, एवढंच सुचलं. सकाळी सातला आलो. मग आळ आला दप्तऱ्यावर, तेव्हा बोलायला तोंड उघडलं, पण बोललो असतो तर हे मोठ्याने वाचावं लागलं असतं. धीर झाला नाही. भित्रा माणूस आहे मी.”

“मी तर वाचलंही नाही, सर,” बाई म्हणाल्या, आणि इतका वेळ अडवून धरलेलं रडू फुटलं. “माझी सही आहे. नऊ वेळा. पाहिले, पाहिले, पाहिले. तिने मला सांगितलं होतं हो. मला एकटीला सांगितलं होतं.”

सरांनी बाईंच्या डोक्यावर हात ठेवला. सांत्वनाचे शब्द त्या इमारतीत पुष्कळ होते, अक्षरवार लावलेले. एकही कामाचा नव्हता.

शेवटी बाईंनी पदराने तोंड पुसलं. चिठ्ठ्या पुन्हा बघितल्या, या वेळी तपासनिसाच्या नजरेने.

“सर, शिक्क्यात तारीख आहे,” त्या हळूहळू म्हणाल्या. “आवक वहीत तारीख आहे. ती पडली त्याच्या चार दिवस आधी जिन्याचं लिहिलेलं इथे पोचलं होतं, हे तुमच्यामाझ्या शब्दावर नाही, वहीवर आहे. अक्षर तिचं आहे. आणि आणून कुणी दिलं, ते तो सकाळी सगळ्यांसमोर बोललाय.”

सरांनी मान वर केली.

“त्या पत्रिकेवर मुलीकडचा पत्ता आहे,” बाई म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात ती त्या घरात जाईल. त्याच जिन्याच्या घरात.”

सर काठी टेकून उठले. बाईंच्या हाताची त्यांनी वाट पाहिली नाही.

चार वाजता प्रेसवाला आला, तेव्हा दप्तरी दाराशी मान खाली घालून उभा होता. बाईंनी पुढे होऊन त्याचा खांदा थोपटला. “काका, तुम्ही आत जाऊन चहा घ्या. तुमच्यावर काही नाही. गठ्ठा सापडला.”

“सापडला?” प्रेसवाल्याने हात पुढे केला. “कुणी घेतला होता?”

“मी,” सर म्हणाले. “त्यातल्या नऊ चिठ्ठ्या चिऊच्या होत्या. तूच आणून दिल्या होत्यास.”

प्रेसवाल्याचा हात तसाच पुढे राहिला. बाईंनी वरची चिठ्ठी त्याला वाचता येईल अशी धरली, पण हातात दिली नाही. त्याने ती वाचली. झोप आली नाही त्याला. चेहरा पांढराफटक पडला, आणि मग तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला, “ही तर... उदाहरणं आहेत. कोशाची वाक्यं.”

“हो ना,” बाई म्हणाल्या. “आम्हालाही तसंच वाटलं. तुम्ही पोलिसांकडे जाणार म्हणत होतात. आम्हीच निघालोय.”

निघण्याआधी बाई ‘ह’च्या खणापाशी गेल्या. पर्समधून ती कोरी गुलाबी चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवून भरली. शब्द: हल्ला. चिठ्ठ्या: नऊ. नेणार: तपासनीस आणि मुख्य संपादक. कशासाठी: तपासणी राहून गेली होती. परत केव्हा, ही ओळ त्यांनी मोकळी ठेवली, आणि चिठ्ठी जागेवर उभी केली.

ठाण्यातला अधिकारी तरुण होता. त्याने दोघा म्हाताऱ्यांना खुर्च्या दिल्या, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग एक चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवलं.

“पण आजी, इथे तर ‘ऐकीव’ लिहिलंय. म्हणजे ही ऐकीव माहिती आहे?”

“नाही, साहेब,” बाई म्हणाल्या. “ऐकलंच नाही कुणी.”

त्यांनी चिठ्ठी त्याच्या हातातून अलगद परत घेतली, चष्मा नीट केला आणि सगळ्यांत वरच्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.